आसरांच्या खडकावरचा दोर

"माझ्या माणसानं त्या पोराला मारलं न्हाई, हे मला शोधून नकोय ताई. ते मला माहीतच आहे. ते त्याला पटवून द्यायचंय."

बाई खुर्चीच्या कडेवर कशीबशी टेकली होती. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. इंद्रायणी तौरने हातातला चहा खाली ठेवला. जुन्या जालन्यात बियाणांच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या. तिथं लोक चोरीच्या मोटारसायकली, पळालेले भागीदार आणि लग्नाआधी नवऱ्या मुलाच्या चौकशा घेऊन येत. नवऱ्याला त्याचंच निर्दोषपण पटवून द्या, असं म्हणत आजवर कुणी आलं नव्हतं.

"नीट सांगा. आधी नाव."

"सत्यशीला. वाघपिंप्रीहून आले. घनसावंगीच्या पल्याड, गोदावरीच्या काठाला. माझे मालक भागवत बंधाऱ्यावर गेट उघडायला होते. आता खात्यानं घरी बसवलंय."

"सुग्रीव नावाचं पोरगं बुडालं तेच का हे?" कोपऱ्यातून सोमेश्वरकाकांनी विचारलं. काका म्हणजे निवृत्त हवालदार. इंद्रायणीची जीप तेच चालवत, तिच्याबरोबर सगळीकडे जात, आणि कुठल्याही प्रकरणात गुन्हेगार कोण हे सगळ्यांच्या आधी ठरवून मोकळे होत. बहुतेक वेळा चुकत, पण त्याचा त्यांना फारसा त्रास होत नसे.

"तेच," सत्यशीला म्हणाली आणि सांगू लागली.

वाघपिंप्रीच्या बंधाऱ्याखाली नदीच्या पात्रात काळा कातळ आहे. त्याच्या माथ्याशी सात आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवींचे, शेंदूर लावलेले सात दगड, म्हणून आसरांचा खडक. तिथं डोहात मासा चांगला सापडतो. लोक गळ टाकून बसतात. खडक शेवाळलेला, निसरडा. आणि वर गेट उचललं की डोळ्यांदेखत पाणी चढतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तरी लोक बसतात. गळ हातात आला की माणसाला वाटतं, बुडायचा तो दुसरा कुणीतरी.

गेल्या पावसाळ्यात परगावचा एक जण तिथून वाहून गेला. गाव हादरलं. वर्गणी काढून बंधाऱ्यावर भोंगा बसवला. खडकाच्या कडेला लोखंडी खांब रोवला. त्यावर बुडणाऱ्याला फेकायची नारिंगी रिंग आणि तिला बांधलेला लांबलचक निळा नायलॉनचा दोर टांगला. दोन्हींची देखभाल भागवतकडे दिली.

श्रावणात घरोघरी मासमच्छी बंद असते. पोळ्याच्या अमावास्येला श्रावण सरतो आणि दुसऱ्या दिवशी, करीला, चुलीवर पुन्हा तिखट चढतं. म्हणून यंदाच्या करीलाही आसरांचा खडक माणसांनी भरून गेला होता. वरून पाणी आलं. भागवतने भोंगा वाजवला, माणसं वर चढताना पाहिली आणि गेट उचललं. सगळे काठाला लागले. सुग्रीवही लागला होता. पण माशांची पिशवी खाली राहिली म्हणून तो मागे फिरला आणि घसरला.

"खडकाच्या एका टोकाला त्यानं मिठी मारल्ती," सत्यशीला म्हणाली. "राधाकिसनभाऊंनी रिंग फेकली. पोरानं बगलेत घेतली. काठावरून सगळे ओढून राह्यले होते. आला, आला म्हणेपर्यंत दोर तुटला. बघतात तर तो निळा दोर न्हवताच. जुनाट, सडका. कुणीतरी बदलला होता."

"आणि गाव म्हणतं भागवतनी विकला."

"गाव म्हणतंय त्याचं जाऊ द्या. सुग्रीवच्या बापानं, पुंजारामभाऊंनी, केस केली. एकुलतं पोर गेलं, त्यांचंही मी समजू शकते. पण आता माझा माणूसच म्हणून राह्यला की मीच मारलं. दोर बदललेला मला दिसला न्हाई, म्हंजे मीच मारलं. कधी म्हणतो, कुणी सांगावं, सडका दोर मीच बांधला असंल, मला आठवत नसंल. ताई, खोटं ऐकून ऐकून माणूस ते खरं मानायला लागलाय. उद्या साहेबापुढं कबूल करून बसंल."

इंद्रायणी उठली. "काका, जीप काढा."

*

घनसावंगीच्या ठाण्यात फौजदार संघपाल खरात यांनी स्वतः दोर टेबलावर आणून ठेवला. माणूस शांत, कमी बोलणारा. प्रकरण त्यांनाही बोचत होतं.

"पंचनामा झालाय. बघा हवा तेवढा. भागवतवर माझा संशय नाही असं म्हणत नाही, पण पुरावा एवढाच, की दोर त्याच्या ताब्यात होता."

इंद्रायणीने दोर हातभर हातभर सरकवत पाहिला. "हे दोन दोर आहेत. गाठ मारून एक केलेत."

"हो. पण तुटला तो गाठीत नाही. एकाच्या मध्यावर. तिथं झिजला होता."

दोराची टोकं घासून गुळगुळीत, तेलकट झालेली. तिने नखांनी पीळ उकलला आणि आत पाहिलं. दुसऱ्याचाही उकलला.

"आतून कोरा आहे. हाही कोरा."

"दोर आतून कोराच असायचा की," काका म्हणाले.

"साहेब, शेतकरी याला काय म्हणेल?"

"कासरा. बैलाचा," खरात म्हणाले. "वाघपिंप्रीत घरोघरी मिळतील असले."

"घरोघरी? ट्रॅक्टर आल्यापासून बैल आहेत कुठं एवढे?"

खरातांनी मान डोलावली. "खरंय. गावात आता बोटांवर मोजण्याइतक्या जोड्या राहिल्यात."

*

भागवत खडकावर त्यांच्याबरोबर आला, पण खांबापासून लांब उभा राहिला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं खालीवर लागलेली. खांबावर आता काहीच नव्हतं. खांबाच्या अंगालाच काठावरून पाण्यात उतरणारा एक रुंद, मातीचा उतार होता.

"ही वाट कसली?"

"बैल धुवायची. खांदमळणीला गाव बैल इथंच आणतं. पोळ्याच्या आदल्या दिशी. बैल धुवायचे, खांद्याला हळद-तूप चोळायचं."

"परगावची जनावरं येतात?"

"न्हाई. त्यांचे त्यांचे घाट आहेत."

"दोर तुम्ही शेवटचा कधी पाहिला?"

"रिंग रोज बघायचो ताई. बंधाऱ्यावरून. नारिंगी दिसली की बराबर आहे म्हणायचो. दोर तिच्या मागं गुंडाळलेला असतो, वरून दिसत न्हाई." त्याने कपाळावर मूठ मारून घेतली. "खाली उतरून बघितला तो खांदमळणीच्या आधी. निळा होता. मंग वरून पाणी यायला लागलं, गेट सोडून हलता येईना. निळाच होता. होता का? आता मला माझाच भरवसा राह्यला न्हाई."

"तुमच्याकडं बैल आहेत?"

"यक शेळी आहे."

इंद्रायणीने त्याच्याकडे पाहिलं. या माणसाला कुणी तुरुंगात टाकायची गरज नव्हती. तो आधीच आत जाऊन बसला होता. तिला मनापासून वाईट वाटलं.

जीपमध्ये काका म्हणाले, "दुकानदार. माझं ऐका ताई. मूळचा दोरच खराब दिला असणार त्यानं."

म्हणून वाटेत तीर्थपुरीच्या बाजारात थांबणं झालं. बबलूशेठने दुकानातलं निळ्या दोराचं वेटोळं धाडकन् समोर ठेवलं.

"हाच दिल्ता. ट्रॅक्टर बांधून ओढा, तुटला तर माझं नाव बदला. गावानं वाजतगाजत नेला, फोटो काढले. तो सडका दोर माझ्या दुकानातला बिलकुल न्हाई."

"तो निळा दोर कुणी परत विकायला आणला होता?"

"वापरलेला दोर कोण घेतं, बाई? आन् विकायचाच असता तर चोरानं त्याच्या जागी दुसरा कशाला टांगला असता? रिकामा खांब ठेवून गेला असता."

"हे मात्र लाख मोलाचं बोललात," इंद्रायणी म्हणाली. काका हिरमुसले.

*

राधाकिसन अंगणात म्हशीचं दूध काढून नुकताच उठला होता. गावातला सगळ्यात पट्टीचा गळ टाकणारा. दोर ओढून हातांच्या तळव्यांची निघालेली साल अजून भरून आली नव्हती.

"पोरगं माझ्याकडं बघत होतं," तो म्हणाला. त्याला बसा म्हणायचंही सुचलं नाही. "रिंगीत होतं, माझ्याकडं बघत होतं. तुटला तसा मी मागं आपटलो. उठून बघतो तर नदी. आसरांनी नेलं म्हणतात बायका. आसरा काय दोर सडवतात का?"

"रिंग काढताना दोर निळा नाही हे दिसलं नाही?"

"त्या घाईत कुणाला दिसतंय? हाताला आलं ते फेकलं."

"खांबाजवळ तुम्हीच सगळ्यात जास्त बसता."

"मंग? माझ्यावर शक हाय का? घ्या. धुंडा घर." त्याचा आवाज चढला आणि लगेच बसला. "माझ्याच हातून सुटला, बाई. तुम्ही काय वेगळं करणार मला."

म्हशीच्या गळ्यात जुना दोर होता. इंद्रायणीने तो सहज हातात घेतला. "हा कासरा दिसतो."

"गेल्या पोळ्याचा. खांदमळणीला जुने उतरवायचे, पोळ्याला नवे घालायचे. जुने मंग म्हशीला, वासराला."

तिने पीळ उकलला. वरून मळकट झालेला दोर आत अजून गर्द गुलाबी होता.

"रंगवता वाटतं?"

"म्हंजे काय! पोळ्याला कोरा दोर बैलावर कोण घालील? घरोघरी रंगतात. गुलाबी, हिरवा, ज्याची त्याची हौस."

"तुमची जोडी मिरवणुकीत पुढं असते?"

"न्हाई, मान पुंजारामचा. तोरणाखालून पैली जोडी त्याची. गेल्या साली मातर माझी पुढं होती. त्याची माय श्रावणातच वारली, सुतक होतं, त्याची जोडी आलीच न्हाई. बाकी गावातली झाडून सगळी होती." तो थांबला. "यंदा सुग्रीवनं काय नाचवले बैल! आन् दुसऱ्या दिशी..."

तो दुधाची बादली उचलून घरात गेला.

*

पुंजारामच्या दारात पाऊल टाकताच द्वारकाबाईचा आवाज आला. सुग्रीवची आई. रडून रडून घसा बसला होता, तरी शब्द धारदार होते.

"त्या भागवतच्या घरून आलात ना? जा, सांगा त्याला. माझ्या लेकराचा दोर विकून खाल्ला त्यानं. त्याचंही लेकरू असंच जाईल म्हणावं. त्याच्या बायकोच्या तोंडावर बोलून आले मी हे."

"मावशी, मी कुणाच्या बाजूनं भांडायला आले नाही. दोर कुणी बदलला, ते शोधायला आले."

"शोधायचं काय त्याच्यात?"

पुंजाराम गोठ्यात पालथ्या घमेल्यावर बसला होता. त्याने मान वर केली नाही. पुढ्यात दोन बैल. शिंगांचा रंग अजून ताजा, वर चिकटवलेली बेगड चकाकत होती. एक वयस्कर, पांढरा. त्याला नवा गुलाबी दोर. दुसरा तांबडा, भरल्या खांद्याचा गोऱ्हा. त्याला लोखंडी साखळी.

"छान रंगवलीत शिंगं," इंद्रायणी हळूच म्हणाली.

द्वारकाबाई तिथंच खाली बसली. "त्यानं रंगवली. सुग्रीवनं. गेल्या साली सासूबाईचं सुतक. बैल नुस्ते धुतले, रंग न्हाई, झूल न्हाई, काही न्हाई. म्हणून यंदा लेकराला किती हौस. बारा आणायचे रंग, त्यानं चोवीस आणले."

"तांबडा नवा का?"

"उन्हाळ्यात घेतला. लई दांडगा. बाप-लेक दोघं लागायचे आवरायला."

पुंजाराम प्रथमच बोलला. "त्याला जवळ जाऊ नका."

पण इंद्रायणी गोऱ्ह्याच्या खुंट्यापाशी वाकली होती. खुंट्याच्या सालपटात काही निळसर धागे अडकले होते. ते तिने नखाने सोडवले, बोटांत चोळले आणि रुमालात ठेवले. आजूबाजूला बैलांच्या गोंड्यांची रंगीबेरंगी लोकर विखुरलेली होतीच.

"भाऊ, तक्रार तुम्ही दिलीत. भागवतनं दोर विकला असं तुम्हाला वाटतं?"

"लोकांनी लिहिली. मी सही केली."

"तुम्हाला काय वाटतं?"

पुंजाराम उठला आणि वैरण आणायला म्हणून परसात गेला. वैरण बैलांपुढे ढीगभर पडली होती.

*

"राधाकिसन," जीप सुरू करता करता काका म्हणाले. "रिंगीपाशी तोच, दोर त्याच्याच हातात. आणि बैलवाला. म्हशीच्या गळ्यात जुना दोर तुम्हीच बघितला. जोडीतला दुसरा कुठं गेला?"

इंद्रायणी बाहेर बघत राहिली. ऊस मागे पडत होता.

"काका, उत्तर सापडलंय. सापडायला नको होतं असं वाटतंय."

"म्हणजे?"

"खरातसाहेबांना फोन लावा. सकाळी मारुतीच्या पारावर सगळ्यांना बोलवा म्हणावं. भागवतवर आळ पारावरच घेतला होता. तो उतरायचा तर तिथंच उतरला पाहिजे."

*

सकाळी पारावर गाव जमलं. खरात एका बाजूला उभे. भागवत खाली मान घालून पायरीवर, सत्यशीला त्याच्या शेजारी. समोर राधाकिसन. पुंजाराम देवळाच्या खांबाला टेकून, आणि त्याच्यापासून दोन हातांवर द्वारकाबाई.

इंद्रायणी बोलायला उभी राहिली, पण आधी पुंजारामकडे वळली. "भाऊ, तुम्ही काही सांगणार असाल तर मी बसते."

पुंजाराम जमिनीकडे बघत राहिला. तिने सुरुवात केली.

"निळा दोर चोराने नेला असता तर त्याने खांब रिकामा सोडला असता. ज्याने नेला त्याने त्याच्या जागी दुसरा बांधला, तोही दोन तुकड्यांना गाठ मारून, लांबी पुरवून. म्हणजे खांब रिकामा दिसू नये एवढी काळजी त्याला होती. आपण हे थोडे दिवस वापरू आणि परत आणून टांगू, असंच त्याच्या मनात होतं. हा माणूस चोर नाही. चोर असता तर मला आज इतकं जड गेलं नसतं.

"आता बांधले काय? दोन कासरे. एका जोडीचे. भागवतकडे बैल नाहीत. त्याच्या घरी जुना कासरा यायचा कुठून? गावात ज्यांच्याकडे जोडी आहे, त्यांच्यापैकीच कुणीतरी. आणि कधी? भागवतने निळा दोर पाहिला तो खांदमळणीच्या आधी. करीला तो जागेवर नव्हता. मधल्या दिवसांत बैल खांबाशेजारी येतात ते एकदाच, खांदमळणीला धुवायला. त्याच दिवशी जुने कासरे उतरवतात. जुने दोर हातात, आणि खांब शेजारी."

"ते ठीक आहे," काका न राहवून म्हणाले. "पण कुणाचे?"

"राधाकिसनभाऊ, तुमच्या म्हशीच्या गळ्यातला जुना कासरा आतून गुलाबी होता. का?"

"गेल्या पोळ्याला रंगवला म्हणून."

"गावात गेल्या पोळ्याला कुणी कोरा दोर घातला होता?"

"कोरा कोण घालतंय? ज्याची जोडी निघालीच..." राधाकिसन मध्येच थांबला. त्याने पुंजारामकडे पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली.

"ज्या दोराने सुग्रीवला दगा दिला, ते दोन्ही कासरे आतून कोरे आहेत," इंद्रायणी म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "यंदा उतरवलेले म्हणजे गेल्या पोळ्याला घातलेले. त्या पोळ्याला गावातली प्रत्येक जोडी रंगून तोरणाखालून गेली. एकच जोडी गेली नाही. त्या घरात सुतक होतं. त्यांनी बैल नुसते धुतले, दोर कोरेच घातले, रंग लावला नाही."

द्वारकाबाईने नवऱ्याकडे हळूहळू मान वळवली.

"तांबड्या गोऱ्ह्याला साखळी आहे. पोळा होऊन गेलेला, जोडीदाराला नवा दोर, आणि याला साखळी. शिंगांचा रंग, बेगड सगळं जागेवर. म्हणजे दुःखात पोळ्याच्या खुणा काढून टाकल्या असंही नाही. काढला तो एकच दोर. त्याच्या खुंट्याला हे अडकलेलं होतं." तिने रुमाल उघडून खरातांपुढे धरला. "काकांना ही गोंड्याची लोकर वाटली असती. पण लोकर चोळली की मऊ गोळा होतो. हे चोळलं की टोचतं. हा नायलॉन आहे."

"मी सांगतो," पुंजाराम म्हणाला.

तो उभा राहिला होता. हात लोंबत होते.

"खांदमळणीला तांबडा बुजला. पाण्यात ओढून नेऊन राह्यला होता मला. कासरा आधीच्या बैलाचा, झिजलेला, वाटलं आता तुटतो. काठाला तवा कुणी न्हवतं, समोर तो दोर होता. सोडला आन् त्याला बांधला. कसा गप झाला! म्हणलं, लेक उद्या मिरवणुकीत याला धरणार, दोर बळकट पाहिजे. रातच्याला गोठ्यात बांधायला राहू द्यावा. कर झाली की नेऊन टांगू. दोन दिवसांत काय होतंय? खांब मोकळा दिसू ने म्हणून जुने बांधले. मिरवणुकीत निळ्यावर गोंडे गुंडाळले, कुणाच्या ध्यानात आलं न्हाई." त्याने ओठ चावला. "कर म्हंजे बैलाला आराम, मलाही डोळा लागल्ता. सुग्रीव मासे आणायला चाललो म्हणाला. म्या हूं म्हणलं. हूं म्हणलं मी. दोराची यादच आली न्हाई. वरडा ऐकून पळत आलो तर राधाकिसनच्या हातात टोक. म्या तवाच वळखलं. घरी जाऊन आधी तो दोर सोडला आन् तांबड्याला साखळी घातली."

"आणि भागवतवर सही केली," खरात म्हणाले.

"लोक म्हणले भागवत. म्या गप राह्यलो. मंग बोलायचं कसं? हिच्या म्होरं बोलायचं कसं?"

आता सगळ्यांचं लक्ष द्वारकाबाईकडे गेलं. ती ओरडली नाही, रडली नाही.

"दोर नेलास ते मी सोसलं असतं," ती नवऱ्याला म्हणाली. इतक्या वर्षांत तिने त्याला अरेतुरे केलं नव्हतं. "तुझंही लेकरू होतं. तुझ्या हातून चूक झाली, माझ्याही झाली असती. पण त्या बाईच्या दारात जाऊन मी तिच्या लेकराला मरणाचा शाप देऊन राह्यले होते, तवा तू माझ्या शेजारी उभा होतास. यक शबुद बोलला न्हाईस. मला पापात ढकलून तू गप उभा राह्यलास."

पुंजाराम खाली बसला. त्याच्याजवळ कुणी गेलं नाही, त्याला कुणी शिवीही दिली नाही. पारावरच्या किती जणांनी ‘दोन दिवसांपुरतं’ म्हणून काय काय उचललं होतं, ते ज्याचं त्याला माहीत.

पुंजारामचा जबाब आजच लिहून घेऊ, भागवतवरच्या तक्रारीत आता काही उरलं नाही, तसं खात्यालाही कळवतो, असं खरातांनी सांगितलं. मग गावाकडे वळले. "आणि गेट उचलण्याआधी एक माणूस खाली उतरून खडक रिकामा बघेल. दोराला रोज हात लावून बघेल. वरून बघून चालायचं नाही. भोंगा वाजल्यावर कुणी मागं फिरला, तर त्याला तुम्ही धरायचं. पिशवीसाठी असो नाहीतर चपलेसाठी."

माना हलल्या. काका इंद्रायणीच्या कानाशी पुटपुटले, "राधाकिसनची माफी मागायला हवी मला."

द्वारकाबाई उठून पायरीपाशी आली. सत्यशीला घाईने उभी राहिली.

"पोरी, मी बोलले ते... ते मागं कसं घेतात, मला ठाऊक न्हाई."

"मी ते घेतलंच न्हवतं, मावशी," सत्यशीला म्हणाली. "तुमचं लेकरू गेल्तं, तुम्ही काय शुद्धीत होता? पण माझ्या माणसानं घेतलं. सांगायचं तर त्यांना सांगा."

द्वारकाबाई भागवतसमोर वाकली. त्याच्या हनुवटीला हात लावून तिने त्याचा चेहरा वर केला, जसा आई पोराचा करते.

"भागवत, ऐक. तू भोंगा वाजवलास. माझ्या पोरानं तो ऐकला, वर आला, आन् मागं फिरला. तू न्हाई मारलं त्याला. मी त्याची माय सांगते, तू न्हाई मारलंस."

भागवतने तिच्याकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं, विचारल्यासारखं. सत्यशीलाने मान हलवली. सुग्रीव गेल्यापासून हा माणूस एकदाही रडला नव्हता. आता तो द्वारकाबाईच्या पायांशी कोसळला आणि पार दणाणून जाईल असा मोठ्याने रडू लागला, आणि ती त्याला उगी उगी म्हणत राहिली.